बट, बेन आणि मधली फळी

मी ज्या टेबलावर हे लिहितो आहे, त्याच्या मधोमध एक पायरी आहे. टेबल मुळात एकच. एका बाईने ते करवतीने कापलं आणि पुढे तिच्या नवऱ्याने ते पुन्हा जोडलं. काप तिरका गेला होता, नंतर लावलेले पाय आखूड पडले होते, त्यामुळे डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर खाली राहिली. ओळ लिहीत गेलो की पेन तिथे अडखळतं. मला ते आवडतं. रंगमंचावरही एखादी फळी अशीच वर आलेली असायची आणि आमच्यातले जुने लोक तिच्यावर मुद्दाम अडखळून टाळ्या घ्यायचे.

बाईचं नाव एलस्पेट फ्लेट. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या या कोळ्यांच्या गावात निम्मी वस्ती फ्लेट आडनावाची आणि उरलेली काउई. म्हणून प्रत्येकाला टोपणनाव लागतं, नाहीतर कोणाबद्दल चहाडी चाललीय तेच कळणार नाही. एलस्पेटचं टोपणनाव सुई. एक तर ती तशीच बारीक आणि ताठ होती, आणि दुसरं म्हणजे तिच्या बोलण्याला टोक होतं. तरुणपणी ती हेरिंग माशांच्या मागोमाग किनाऱ्याकिनाऱ्याने पार इंग्लंडातल्या यार्मथपर्यंत जायची. बोटांना चिंध्या गुंडाळून, आखूड सुरीने मासे साफ करणाऱ्या पोरींपैकी ती एक. "त्या कामात एकच शिकले," ती म्हणायची, "शेजारणीच्या सुरीवर नजर ठेवायची. आपली आपोआप चालते."

ती नजर तिने पुढे आयुष्यभर कोणावरूनच काढली नाही.

मी पहिल्यांदा तिच्या दारात उभा राहिलो तेव्हा माझ्या हातात कपड्यांची पेटी होती आणि गालावर आदल्या प्रयोगाचा रंग राहिला होता. आमची मंडळी उन्हाळाभर बंदरावरच्या हॉलमध्ये गाणी आणि नकला करायची. मी म्हातारीचं सोंग घ्यायचो, घागरा, झालरीची टोपी, मागे बांधलेली मोठी गादी, सगळं. राहायला जागा हवी होती.

"कोणी पाठवलं तुला?" हे तिचं पहिलं वाक्य.

"बेकरीवाल्याने. म्हणाला, तुमचा माळा रिकामा आहे."

"माळ्यावर जाळी आहेत. रिकामा कसा?"

"जाळ्यांची मला अडचण नाही."

"त्यांना तुझी असेल. सभेचा आहेस?"

"मी नाटकवाला आहे, बाई. सभा सोडाच, मला चर्चच्या मागच्या बाकावरसुद्धा कोणी बसू देत नाही."

तिने माझ्या गालावरचा रंग पाहिला, मग बूट, मग माझ्यामागची अख्खी गल्ली. "ये. पण इथवरच."

इथवर म्हणजे बटपर्यंत.

इंग्रजीतला हा चिमुकला शब्द, बट, साऱ्या जगाला माहीत आहे. त्याचा अर्थ 'पण'. वाक्याच्या मधोमध येतो आणि आधी दिलेलं सगळं परत घेतो. स्कॉटलंडातल्या जुन्या दोन खोल्यांच्या घरांत मात्र माणसं त्या शब्दात राहायची. बाहेरची, चुलीची खोली ती बट. आतली, चांगल्या खुर्च्यांची आणि काचेच्या कपाटाची, ती बेन. शब्दाचं मूळही हेच. फार फार पूर्वीचे लोक 'बाहेरच्या अंगाला' असं म्हणायला दोन शब्द एकत्र जोडायचे. ते झिजत झिजत एवढंसं बट उरलं. आधी त्याचा अर्थ नुसता बाहेर. मग कशाच्या तरी विना. मग एखाद्याला सोडून. बोट बुडाली की अजूनही बातमी तशीच येते, 'सगळे परतले, बट एक.' आणि माणसांना बाहेर ठेवून झाल्यावर तो अख्ख्या वाक्यांना बाहेर ठेवायला लागला, तेव्हा त्याचा 'पण' झाला. मी मूळचा ग्लासगोचा. आमच्याकडे तो वाक्याच्या शेपटीला लटकतो. 'थंडी आहे, पण.' झालं, संपलं वाक्य. एलस्पेटला याचा भारी राग.

"पण काय? पुढे बोल की! लपवतोस काय?"

"काही नाही हो, आमच्याकडे असंच म्हणतात."

"तुमच्याकडे अर्धंच सांगतात, असं म्हण."

तर एलस्पेट बटमध्ये राहायची आणि तिचा नवरा डॉड बेनमध्ये. पुढच्या दारातून आत छोटा बोळ, त्याच्या डावीकडे बट, उजवीकडे बेन, आणि बोळ संपला की दोन्ही खोल्यांच्या मधे लाकडी फळ्यांची भिंत. त्या दोघांचं भांडण मात्र नव्हतं.

गावात एक सभा होती. चर्चपासून फुटलेले कडक लोक, रविवारी वरच्या गल्लीतल्या एका बिनखिडक्यांच्या खोलीत जमायचे. तिचं नाव घेत नाही. आता ती खोलीही नाही. नियम असा की सभेबाहेरच्या माणसाबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही, मग ती सख्खी आई का असेना. एलस्पेट आणि डॉड दोघंही जन्मापासून सभेतले. एकदा एलस्पेटची धाकटी बहीण भेटायला आली. तिने बाहेरच्या माणसाशी लग्न केलेलं. एलस्पेटने तिला आपल्या टेबलावर बसवलं आणि धुरावलेल्या माशाचं सूप वाढलं. सभेने जाब विचारला. एलस्पेट उभी राहिली आणि म्हणाली, "नियम मला ठाऊक आहे. पण ती माझी बहीण आहे." नियमाच्या पुढे जोडलेलं ते 'पण' सभेला चाललं नाही. तिला बाहेर काढलं.

डॉड आत राहिला. राहावंच लागलं. बोटीवरचे सगळे खलाशी सभेचे, आणि बोटीचा तांडेल हाच सभेचा मुख्य. त्याचं टोपणनाव होकायंत्र, कारण तो कधी इकडचा तिकडे झाला नाही. नवराबायकोने एका छपराखाली राहायला त्याने परवानगी दिली, एका टेबलावर बसायला नाही. डॉड बायकोबरोबर जेवताना सापडला असता, तर तोही बाहेर, आणि बाहेरच्याला त्या बोटीवर जागा नव्हती. डॉडला समुद्राशिवाय दुसरं काही येत नव्हतं. रांगताना पाळण्याऐवजी होडीला धरून उभा राहिलेला माणूस तो.

मग डॉड मासेमारीला गेलेला असताना एलस्पेटने करवत काढली. लग्नात डॉडने स्वतः बनवलेलं टेबल तिने मधोमध कापलं आणि कापलेल्या कडांना नवे पाय कापून लावले. अर्धं बेनमध्ये फळीला टेकवलं, अर्धं बटमध्ये त्याच फळीला, पलीकडून. "झाली दोन टेबलं," ती म्हणाली. मधली फळी नसती तर दोघं समोरासमोर बसलेली असती. त्या फळीत एक गाठ होती. डॉडने अंगठ्याने दाबून ती ढकलून दिली. अंड्याएवढं भोक पडलं.

मला हे सगळं ठाऊक, कारण माळ्याच्या फळ्यांना फटी होत्या. एका फटीतून बट दिसायची, दुसरीतून बेन. जाळी आणि डांबराच्या वासात बसून मी झालरी शिवायचो आणि खालून आवाज यायचे.

"काय आहे आज?"

"तुझ्या पातेल्यात आहे ते."

"बटाटे आहेत."

"मग बटाटेच असतील. मीच उकडलेत."

"मला वाटतं, वारा उद्या उत्तरेचा होईल, पण..."

"पण होकायंत्र ऐकणार नाही, असंच ना? नाहीच ऐकणार. मासा खा, गार होतोय."

डॉडची निम्मी वाक्यं अशी 'पण'पाशी येऊन बसायची आणि एलस्पेट ती पलीकडून पुरी करायची.

गावाला संशय होताच. शेजारची टीनी काउई दिवसभर अंगणात कपडे वाळत घालायची. एवढे कपडे त्या घरात कोणाचेच नव्हते. तिची नजर धुराड्यांवर. दोन खोल्या, दोन चुली, दोन धुराडी. एकाच धुराड्यातून धूर आला तर दोघं एकत्र.

"बेनचं धुराडं आज थंड दिसतंय गं, एलस्पेट?"

"तुझी नजर गरम आहे ना, टीनी, तेवढी ऊब पुरे आम्हाला."

बोलायला बोलली, पण आत येऊन तिने भर जुलैत बेनची चूलही पेटवली. तिने सगळं दोन-दोन केलं होतं. दोन किटल्या, दोन पातेली, पाव कापायच्या दोन फळ्या. कोणी कधीही आत शिरलं तरी एका घरात दोन संसार दिसले पाहिजेत.

आणि मी? मी तिच्या लेखी माळ्यावर ठेवलेला कोणाचा तरी हेर होतो. पावलांचे ठसे उमटावेत म्हणून माझ्या शिडीच्या खालच्या पायरीवर ती पीठ भुरभुरायची.

"आज दुपारी खाली उतरला होतास."

"पाणी प्यायला."

"पाणी पिणारा माणूस बेनच्या दाराकडे पाय करून उभा राहतो?"

"एलस्पेटबाई, घागरा घालून नाचणाऱ्या माणसाचे पाय कुठेही वळतात."

ती हसली नाही. माझे सगळे विनोद तिने तपासणीसाठी राखून ठेवले असावेत.

मग एका सकाळी बंदरावर होकायंत्राने मला गाठलं. उंच, पांढऱ्या दाढीचा, गुडघ्यापर्यंत बूट.

"तू सुईच्या माळ्यावर असतोस ना?"

"जाळ्यांच्या संगतीत."

"खालचं काय ऐकू येतं?"

"समुद्र."

"समुद्र खाली नाही, समोर आहे."

"मग समोरचाच ऐकू येत असेल, तांडेल. आमचे कान टाळ्यांना सरावलेले. बारीक आवाज कळत नाहीत."

 मी पाठ फिरवली तेव्हा मासळीच्या पेट्यांमागे एलस्पेट उभी होती. हातात टोपली, नजर माझ्यावर. काय बोललो ते तिला ऐकू आलं नव्हतं. बोललो एवढंच तिने पाहिलं. तिला तेवढं पुरेसं होतं.

आता मिठाचं सांगतो. एलस्पेटने घरात सगळं दोन केलं, मीठ मात्र केलं नाही. चुलीशेजारी तिच्या आईचा लाकडी डबा टांगलेला होता. इथल्या कोळी घरांत चुलीजवळचं मीठ उंबरठ्याबाहेर देत नाहीत, त्याच्याबरोबर बोटीचं नशीब जातं म्हणतात. डॉडसाठी मीठ बटच्या उंबरठ्याबाहेर, वाटीत घालून पलीकडे नेणं तिच्याने होईना. दुसरा डबा आणणं म्हणजे आईचा डबा पुरेसा नाही असं म्हणणं. मग ती काय करायची? जेवायला बसलं की चिमूट घ्यायची आणि भोकातून बोटं पलीकडे करायची. भोक काही उंबरठा नव्हे. डॉड बशी पुढे सरकवायचा.

एका शनिवारी, ऐन जेवणाच्या वेळी, पुढचं दार वाजलंच नाही. थेट उघडलं. बोळातून जड बूट डावीकडे बटला वळण्याऐवजी उजवीकडे बेनला गेले. मी वर सोंगाच्या गादीला टाके घालत होतो. सुई बोटात गेली.

"जेवण चालू दे, बंधू," होकायंत्र म्हणाला. खुर्ची ओढल्याचा आवाज.  फटीतून मला दिसलं, त्याने डॉडच्या बशीतला बटाट्याचा तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

"मीठ आहे याला."

"आहे," डॉड म्हणाला.

"टेबलावर मीठ दिसत नाही."

"नाही."

"खोलीतच नाही."

"नाही."

"मग आलं कुठून, बंधू?"

मी दुसऱ्या फटीला डोळा लावला. बटमध्ये एलस्पेट टेबलाशी बसली होती. तिचा हात भोकासमोर हवेत थांबलेला, दोन बोटांत मिठाची चिमूट. 

"भिंतीतून," डॉड म्हणाला.

होकायंत्र रागावला नाही. मी त्याला उगीच खलनायक करणार नाही. असे खलनायक मी खूप रंगवलेत, ते असं बोलत नाहीत. तो हळूच म्हणाला, "तुझ्या बापाबरोबर जाळं ओढलंय मी, डॉड. तुला किनाऱ्यावर बसलेला बघणं मला जमणार नाही." त्याने कोटाच्या आतून एक छोटी फळी काढली, खिळे काढले, हातोडा काढला. सगळं टेबलावर ठेवलं. "हे त्या भोकावर ठोक. सोमवारी बोटीवर ये. मी काही पाहिलं नाही, काही चाखलं नाही."

डॉड उठला. त्याने फळी भोकावर धरली. फळी अगदी बरोबर बसली. बटच्या बाजूने एलस्पेटला दिसणारा उजेडाचा गोल विझला. तिचा हात तसाच होता. डॉडने खिळा टेकवला, हातोडा उचलला.

"पण..." डॉड म्हणाला.

होकायंत्र थांबला. मी थांबलो. पलीकडे एलस्पेटने तोंड उघडलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने ते वाक्य पुरं केलं नाही.

"पण काय, बंधू?"

डॉडने हातोडा खाली ठेवला. फळी ठेवली. आपली बशी उचलली, तिच्यात काटा ठेवला आणि तो बोळात आला. तीन-चार पावलांचा बोळ, पण मी पाहिलेल्या कोणत्याही नटाने एवढा लांब प्रवेश केलेला नाही. तो बटच्या दारात उभा राहिला.

"एलस्पेट, जरा सरक."

ती सरकली नाही. रडलीही नाही. फळीकडे बघत म्हणाली, "त्याला माप कोणी दिलं?"

"काय?"

"ती फळी अगदी बरोबर बसली. भोकाचं माप घरात आल्याशिवाय कळत नाही. कोणी दिलं?"

होकायंत्र बोळात येऊन टोपी हातात धरून उभा होता. उत्तर त्याला ठाऊक होतं. त्याने ते दिलं नाही. "सोमवारी येऊ नकोस, डॉड," एवढंच म्हणाला आणि गेला. हातोडा तिथेच राहिला. तो परत मागायला तो कधीच आला नाही.

एलस्पेटची नजर सावकाश वर आली, छताकडे, नेमकी माझ्या फटीकडे.

चहाच्या वेळेआधी माझी पेटी शिडीखाली होती.

"माप माळ्यावरून घ्यायला बरं पडतं, नाही का?"

"एलस्पेटबाई, शपथ घेऊन सांगतो..."

"नाटकवाल्याची शपथ! बंदरावर त्याच्याशी बोलत होतास, मी पाहिलं."

"समुद्राबद्दल बोलत होतो."

"हो, आणि मी राणीची मावशी."

डॉड चुलीकडे पाठ करून बसला होता. 

मी आयुष्यात खूप शिट्ट्या खाल्ल्या, पण न केलेल्या भूमिकेच्या शिट्ट्या फार लागतात. पुढच्या उन्हाळ्यात मंडळी परत आली तेव्हा मी पेटी बेकरीत ठेवली आणि आधी तिच्या दाराशी गेलो. तिने मला आत घेतलं. संशय तिला एवढा प्रिय होता की संशयिताला जेवू घातल्याशिवाय तिला चैन पडत नसे.

टेबल जोडलेलं होतं, हे जे माझ्यासमोर आहे तेच. डॉडकडे आता एक छोटी होडी होती. तो किनाऱ्यालगत एकटाच खेकडे धरायचा. वाऱ्याने सोललेला चेहरा, अंगावर थोडं मांस आलेलं. बेनचं दार कुलूपबंद होतं.

"बेन बंद का?" मी विचारलं.

"नाव कळेपर्यंत बंद. त्या खोलीतून गोष्टी बाहेर जातात." तिने वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं. "टीनीशी मी वर्षभर बोलले नाही. बेकरीवाल्याचा पाव बंद केला, तुला त्यानेच पाठवलं होतं. माझ्या बहिणीलासुद्धा विचारलं मी."

"बहिणीला!"

"तिच्या नवऱ्याकडे फूटपट्टी आहे."

डॉडने चमचा खाली ठेवला. तो टेबलाच्या पायरीला लागून वाजला.

"मीच गेलो होतो," तो म्हणाला.

"कुठे?"

"होकायंत्राकडे. मीच सांगितलं. माप मीच दिलं. दोरीने घेतलं, तू बाजारात गेली होतीस तेव्हा."

 एलस्पेटच्या हातातला डाव वाडग्यावरच थांबला.

"रोज त्या भोकातून तुझी दोन बोटं यायची," डॉड म्हणाला. एवढं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "दोन बोटं आणि मीठ. बाकीची बाई कुठे गेली, असं वाटायचं मला. उठून यावं म्हणायचो, पण पाय उठायचे नाहीत. बोट होती, बाप होता, सगळं आलं मधे. म्हटलं, कोणीतरी समोर उभं राहून ते भोक बुजवायला सांगेल, तेव्हा तरी उठतील."

"आणि नसते उठले तर?"

"तर मी खिळा ठोकला असता."

खोलीत फक्त किटली बोलत होती. एकच किटली.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू सगळ्यांना विचारलंस. मला विचारलं नाहीस."

हे तिला लागलं. मी पाहिलं. गावातल्या प्रत्येक धुराड्यावर, प्रत्येक पावलावर नजर ठेवलेल्या बाईने एका माणसावर संशय घेतला नव्हता, आणि तेवढी एकच गाठ तिच्या हातून सैल राहिली होती. 

"वर्षभर मी टीनीशी बोलले नाही," ती म्हणाली.

"बरं वाटत होतं तुला त्यात."

"ते वेगळं." तिने जोडाच्या पायरीवरून बोट फिरवलं. "भोकाचं माप बरोबर घेता येतं, आणि टेबलाच्या पायांचं नाही?"

"पाय तू कापले होतेस."

"हं."

ती उठली, चुलीजवळच्या डब्यातून चिमूटभर मीठ घेतलं आणि डॉडच्या सुपात टाकलं. चिमूट जरा मोठीच होती. डॉडने चव घेतली, तोंड वाकडं केलं नाही, सगळं सूप संपवलं. मी माझ्या वाडग्याकडे बघत बसलो. अशा वेळी प्रेक्षकाने टाळ्या वाजवायच्या नसतात.

"नाटक्या," ती मला म्हणाली, "पेटी कुठेय तुझी?"

"बेकरीत."

"घेऊन ये. येताना एक पावही आण. माळ्यावर खेकड्यांचे पिंजरे आहेत, तिथे जागा नाही." ॲप्रनच्या खिशातून तिने किल्ली काढली, बेनचं कुलूप उघडलं आणि दार ढकललं. आत यार्मथहून आणलेले चिनी मातीचे कप, दोन चांगल्या खुर्च्या, पलंग. फळीतल्या भोकातून बटच्या चुलीचा उजेड येत होता. "इथे राहा. कपांना हात लावायचा नाही."

मी तिचे आभार मानायला वळलो, तर ती आपली खुर्ची उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवत होती. तिथून बोळ आणि बेनचं दार सरळ दिसायचं.

"पण दार उघडं ठेवायचं," ती म्हणाली. "मला इथून दिसलं पाहिजे."